ख्रिस्ती तरुणांचे नागरिकत्व
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले व्याख्यान)



हा विषय तरुण संघाच्या सभेत न ठेवता आपण आयाबहिणींच्या सभेत ठेवलात, याबद्दल प्रथम चिटणीसबाईंचे आभार मानते. मतदारयादीत नाव लागण्यापूर्वी कितीतरी वर्षे मूल नागरिक होऊ लागते, आणि त्याची पहिली शाळा घरच असते.

आपल्या तरुणांना काम येत नाही असे कोणी म्हणणार नाही. नाताळची गीते बसवावीत, शब्बाथशाळा चालवावी, कापणीच्या सणाचा जमाखर्च पै न पै लिहून ठेवावा, हे सारे ती उत्तम करतात. त्यांच्या सभेत इतिवृत्त वाचले जाते, हिशेब मांडला जातो, मत घेतले जाते. एवढी तालीम फार थोड्यांना मिळते. मग हीच मुले ग्रामसभेत का दिसत नाहीत? विचारले तर म्हणतात, "आपण मूठभर माणसे. कोणाच्या अध्यात ना मध्यात असावे."

या उत्तरामागे भीती आहे. ती अगदीच निराधार आहे असे मी म्हणणार नाही; थोड्या संख्येने राहणाऱ्यांना तोंड उघडण्यापूर्वी चारदा विचार करावा लागतो. परंतु गप्प बसणे हाच ख्रिस्ती धर्म, असे कोणी सांगू लागले, म्हणजे मला बोलणे भाग पडते.

'प्रेषितांची कृत्ये' आठवा. फिलिप्पै येथे पौल व सीला यांना चौकशीवाचून फटके मारून तुरुंगात टाकले. दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यांनी त्यांना गुपचूप निघून जाण्यास सांगितले. पौलाने ते मानले नाही. आपण रोमी नागरिक आहोत, तेव्हा अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आपल्याला बाहेर न्यावे, असा त्याने आग्रह धरला. क्षमा करणाऱ्याने हक्क विसरावा, असे त्याला वाटले नाही.

आपल्या महाराष्ट्रातले उदाहरण पंडिता रमाबाईंचे. त्यांचे शारदासदन व मुक्तिसदन सर्वांना ठाऊक आहे. पण १८८९ साली मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनात ज्या थोड्या स्त्रिया प्रतिनिधी म्हणून बसल्या, त्यांत त्या होत्या, हे किती मुलींना ठाऊक असते? १८९७ साली पुण्यात प्लेग असताना रुग्णालयात स्त्रियांची होणारी हेळसांड त्यांनी वृत्तपत्रात पत्र लिहून उघड केली. तो प्रश्न विलायतेच्या पार्लमेंटापर्यंत गेला. सरकारने आरोप नाकारले. राज्यकर्ते ख्रिस्ती होते, बाईही ख्रिस्ती होत्या. म्हणून त्यांनी लेखणी आवरली नाही.

येथे मला एक भेद सांगायचा आहे. शाळा, दवाखाने, वसतिगृहे यांतून आपल्या लोकांनी सेवा केली, ती मोठीच आहे. परंतु सेवेत देणारा उभा असतो आणि घेणारा बसलेला असतो. ग्रामसभेत दोघे एकाच सतरंजीवर बसतात. सेवा करणे सोपे नाही, पण शेजाऱ्याच्या बरोबरीने बसून हिशेब मागणे त्याहून अवघड आहे. रमाबाईंनी दोन्ही केले.

आणखी एक गोष्ट. संविधान सभेत १९४९ च्या मे महिन्यात धार्मिक अल्पसंख्याकांसाठी राखीव जागा नकोत असे ठरले. त्यासाठी पुढाकार घेणारे डॉ. हरेंद्रकुमार मुखर्जी संविधान सभेचे उपाध्यक्ष होते आणि स्वतः ख्रिस्ती होते. शेजाऱ्यांवर विश्वास टाकून आपल्या पुढाऱ्यांनी वेगळे दार नाकारले आणि सर्वांच्या दारातून जाण्याचे पत्करले. आता आपण त्या दारातून गेलोच नाही, तर दोष कोणाला द्यावा?

तर मग तरुणांनी करावे काय? मतदानाचे वय १९८९ पासून १८ वर्षांचे झाले आहे, आणि सतरावे पूर्ण होताच नमुना ६ भरून आगाऊ अर्ज करता येतो. तो भरावा. ग्रामसभेला जावे, पहिल्या दोन वेळा नुसते ऐकले तरी चालेल. अंदाजपत्रक वाचावे. उत्तर मिळत नसेल, तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली दहा रुपये भरून लेखी विचारावे. शहरात राहणाऱ्यांनी प्रभाग कार्यालयाची पायरी चढावी.

मात्र एक पथ्य पाळा. दफनभूमीच्या कुंपणापुरतेच पंचायतीत गेलात, तर लोक तुम्हाला कुंपणापुरतेच ओळखतील. कुंपण अवश्य मागा. पण पलीकडच्या वस्तीला पाणी येते का, अंगणवाडीचे छप्पर गळते का, हेही त्याच सभेत विचारा. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'हरित वसई'च्या चळवळीत विहिरींचे पाणी आणि हिरवी शेते वाचवण्यासाठी आवाज उठवला. विहीर आटली म्हणजे कोणाचा धर्म पाहून आटत नाही, हे तेथील ख्रिस्ती आणि हिंदू शेजाऱ्यांनी ओळखले होते. तेच फादर २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले.

भगिनींनो, शेवटची विनंती तुम्हाला आहे. मुलगा ग्रामसभेला निघाला की "नको त्या भानगडीत पडू" असे म्हणू नका. मुलगी निघाली तर तिच्याबरोबर तुम्हीही जा. महाराष्ट्रात ग्रामसभेच्या आधी स्त्रियांची वेगळी सभा भरवण्याची तरतूद आहे, आणि २०११ पासून पंचायतींतील निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. या मंडळात ज्यांनी इतिवृत्त लिहिले आणि वर्गणीचा हिशेब ठेवला, त्या स्त्रियांना ते काम जड जाणार नाही. मुले उपदेशापेक्षा आईची चप्पल कोणत्या दिशेला निघाली ते अधिक पाहतात.

 प्रभू आपल्या मंडळाच्या कार्यास यश देवो.