आजोबांची वही आणि आपले देणे

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

‘स्थलांतरित आणि आपण’ हा विषय मला देण्यात आला आहे. या विषयावर बोलताना आपण बहुधा कोणा परक्याविषयी बोलत आहोत असा आपला सूर असतो. मी मात्र त्याची सुरुवात आपल्याच घरापासून करणार आहे. या वर्गाला आलेल्यांपैकी अनेकांचे आजे-पणजे मुंबईत बाहेरूनच आले. १९२१ च्या शिरगणतीत या शहरातील दर पाच रहिवाशांपैकी चारांहून अधिक जणांचा जन्म मुंबईबाहेर झालेला होता. ज्यांनी मुंबई उभी केली असे आपण अभिमानाने सांगतो, ते त्या काळी शब्दशः उपरे होते.

माझे आजोबा त्यांपैकीच एक. १९२४ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, ते जयगडहून बोटीने मुंबईला आले आणि पुढे साचेखात्यात विणकर झाले. १९७८ साली ते वारले. आमच्या गावात आजही त्यांचे नाव ‘देणारा माणूस’ म्हणून निघते. मिलच्या पगारावर जगणाऱ्या, गावी घरी भाताची चार खाचरे असलेल्या माणसापाशी देण्यासारखे होते तरी काय, हा प्रश्न मला बरीच वर्षे पडलेला होता. त्याचे उत्तर त्यांच्या हातच्या एका वहीत सापडले.

ती वही समजण्यासाठी प्रथम गावकीची खोली समजून घेतली पाहिजे. डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीतील १६० चौरस फुटांच्या एका खोलीत आमच्या गावचे वीस-बावीस पुरुष राहत. बायकामुले गावी. भिंतीवरच्या खुंट्यांना ट्रंका आणि पिशव्या टांगलेल्या, कोपऱ्यात वळकट्यांची चवड. पुढे गिरण्यांत रात्रपाळी सुरू झाली तेव्हा एक पाळी उठे आणि दुसरी तिथेच अंग टाकी. भाडे सर्वांत वाटून घेतले जाई. जेवण शेजारच्या चाळीतील खानावळीत, महिन्याच्या उधारीवर.

गावाहून नवा पोरगा आला की त्याला लगेच काम मिळत नसे. रोज पहाटे गिरणीच्या दारात उभे राहायचे, जॉबरची नजर पडली तर बदलीवर आत जायचे, नाही तर हात हलवीत परत यायचे. नजर पडण्यासाठी दस्तुरी मोजावी लागे. हे दिवस महिनोन्‌महिने चालत. या काळात सावकाराकडे गेले तर रुपयास दरमहा एक आणा व्याज, म्हणजे वर्षाला शेकडा पंचाहत्तर. या दाराशी गेलेला माणूस जन्मभर तिथेच अडकून पडे.

येथे आजोबांची वही येते. खोलीतील प्रत्येक कमावता माणूस पगाराच्या दिवशी चार आणे पेटीत टाकी. त्या पेटीचा हिशोब आजोबांकडे होता, कारण चौथीपर्यंत शिकलेले ते एकटेच. नव्या पोराची खानावळ, आजाऱ्याचे बोटीचे भाडे, कोणी गेला तर सरणाची लाकडे, हा खर्च पेटीतून होई. १९३१ पासून १९५८ पर्यंतच्या नोंदी त्या वहीत आहेत. वहीला दोन रकाने आहेत, ‘दिले’ आणि ‘आले’. दुसऱ्या रकान्यात कितीतरी ठिकाणी रकमेऐवजी दोनच शब्द आहेत: ‘दुसऱ्यास दिले’. ज्याला मदत मिळाली त्याने, कामाला लागल्यावर, ती पेटीत परत न करता पुढच्या नवागताचा भार उचलला की आजोबा त्याचे खाते फिटले असे मानीत.

याखेरीज ते संध्याकाळी खोलीतील सर्वांची पत्रे लिहीत आणि मनिऑर्डरीच्या कुपनावर मजकूर घालीत. कोणाच्या घरी काय दुखते-खुपते हे त्यांना जितके ठाऊक होते तितके कोणालाच नसेल, आणि त्यातले अवाक्षरही त्यांच्या तोंडून कधी बाहेर पडले नाही. माझ्या मते हेदेखील एक दानच होते.

परंतु साथींनो, आपण समाजवादी आहोत. आजोबांच्या तसबिरीला हार घालून आपले काम संपत नाही. त्यांचे औदार्य कशावर उभे होते आणि कोठे थांबत होते, हेही आपल्याला पाहावे लागेल.

ते उभे होते बायकांच्या कष्टांवर. आजोबा मुंबईत चार आणे पेटीत टाकू शकत होते, कारण आजी गावी नाचणी-भात पिकवून चार मुलांचे पोट भरत होती. गिरणीमालक एकट्या पुरुषाला पुरेल एवढी मजुरी देई. त्याच्या कुटुंबाचा, आजारपणाचा आणि म्हातारपणाचा खर्च कोकणातील ती खाचरे उचलीत. रत्नागिरी जिल्हा मनिऑर्डरीवर जगतो, असे म्हणण्याची पद्धत होती. मुंबईच्या गिरण्या रत्नागिरीच्या बायकांवर जगत होत्या हे कोणी म्हणत नसे. तीच गोष्ट खानावळवालीची. पगार लांबला, संप झाला, तरी ताट वाढणारी ती बाई स्वतः वाण्याची देणेकरी होत असे. तिची उधारी हीसुद्धा एक पेटीच होती. फक्त तिची वही कोणी ठेवली नाही. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून या बायकांना संघटित केले आणि राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज त्यांच्या स्वतःच्या नावावर मिळवून दिले, तेव्हा प्रथमच त्यांच्या कामाला काम म्हटले गेले.

आणि हे औदार्य थांबत होते जातीच्या वेशीपाशी. ‘गावकीची खोली’ या शब्दांतील गावात आमच्या गावचा दलित वाडा धरलेला नव्हता. तेथील माणसेही त्याच बोटीने येत आणि त्याच भोंग्याला उठत. पण त्यांची खोली निराळी आणि गिरणीतील खातेही निराळे. साचेखात्यात पगार अधिक, आणि तेथे अस्पृश्य कामगारांना मज्जाव होता. कारण असे सांगितले जाई की, धोट्यातील धागा तोंडाने ओढून घ्यावा लागतो आणि विटाळ होतो. माझे आजोबा त्याच खात्यात होते. वहीतील सत्तावीस वर्षांच्या नोंदींत त्या वाड्यातील एकही नाव नाही. देणारा माणूस भला होता आणि त्याची व्यवस्था अन्यायी होती, ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत. ती दोन्ही एकत्र उच्चारण्याचे धैर्य आपल्यात असले पाहिजे.

या वेशीला पहिला मोठा धक्का दिला तो १९२८ च्या सार्वत्रिक संपाने. एका विणकराने दोनऐवजी तीन माग चालवावेत आणि कातणाऱ्याने दोन बाजू सांभाळाव्यात, अशी मालकांची योजना होती. तिच्याविरुद्ध सुमारे दीड लाख कामगार एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत गिरणीबाहेर राहिले. त्यांत कोकणातले होते, घाटावरचे होते, मदनपुऱ्यात वसलेले उत्तर प्रदेशातील मुस्लिम विणकर होते आणि तेलुगू पद्मशालीही होते. गावकीच्या खोल्या, खानावळींची उधारी आणि गावची शेती यांच्या आधारावर हा संप सहा महिने टिकला. याच संपाच्या वेळी साचेखात्याचा मज्जाव उठवावा हा प्रश्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नेत्यांपुढे ठेवला, आणि नेत्यांनी तो मागण्यांत घेतला तो काहीशा नाखुशीनेच. कामगारांच्या एकजुटीत ही फट आपल्याच लोकांनी ठेवली होती. पण आपल्या गावचा नसलेला, आपल्या भाषेचा आणि धर्माचा नसलेला माणूसही आपल्याच पेटीचा भागीदार आहे, हा धडा गिरणगावाने त्या सहा महिन्यांत गिरवला. संघटना म्हणजे जातगावाच्या पलीकडे गेलेली पेटी, अशी तिची व्याख्या मी करीन.

त्यानंतरचा इतिहास आपल्याला परिचित आहे. १९४८ साली राज्य विमा योजनेचा कायदा झाला, १९५२ साली भविष्यनिर्वाह निधीचा, १९७२ साली ग्रॅच्युइटीचा. वहीतील नोंदी १९५८ साली थांबतात, त्याचे कारण आजोबांचे औदार्य आटले हे नव्हे. आजारपणाचा आणि म्हातारपणाचा भार कायद्याने उचलला, आणि पेटीची गरज कमी झाली. त्याची खंत त्यांना कधी वाटली नाही. भल्या माणसाच्या मर्जीवर जे मिळत होते ते हक्काने मिळू लागले, यालाच आपण समाजवादाच्या दिशेने टाकलेले पाऊल म्हणतो.

हे पाऊल आज मागे घेतले जात आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. त्यांच्या जमिनीवर मनोरे उभे राहिले. मुंबईत आजही रोज नवा माणूस येतोच. परंतु त्याच्यासाठी मस्टर नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही आणि बहुधा लेखी नेमणूकही नाही. तो इमारत बांधतो, गटार उपसतो, घरोघरी जेवणाचे डबे पोहोचवतो आणि एका खोलीत दहा-बारा जणांनी राहतो. ती खोली पाहताच आपल्याला डिलाईल रोडची आठवण व्हावयास हवी. त्याऐवजी आपल्यातील अनेकांच्या तोंडी ‘उपरे’ हा शब्द येतो.

मार्च २०२० मध्ये अवघ्या चार तासांच्या पूर्वसूचनेने देश बंद करण्यात आला. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ साली केलेला कायदा तेव्हा पुस्तकात होता, पण त्या कामगारांची धड नोंदही कोणापाशी नव्हती. ८ मे रोजी पहाटे औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ रुळांवर झोपलेले मध्य प्रदेशातील १६ मजूर मालगाडीखाली सापडले. जालन्याच्या कारखान्यात राबणारी ही माणसे पायी घराकडे निघाली होती. त्यांच्या भाकऱ्या रुळांवर विखुरलेल्या होत्या. ज्या महाराष्ट्रात ती राबली त्या महाराष्ट्रात त्यांच्यासाठी एकही पेटी नव्हती.

स्थानिक तरुणाला काम नाही हे दुःख खरे आहे, आणि ते हसण्यावारी नेणाऱ्यांपैकी मी नाही. पण मजुरी पाडतो तो कंत्राटदार. नवागत असहाय असतो म्हणूनच कंत्राटदाराला ते साधते. १९२४ साली जॉबर माझ्या आजोबांना असेच वापरीत होता. त्यावर उपाय कोकणी पोराला बोटीत बसवून परत पाठविणे हा नव्हता. त्याला संघटनेत घेणे आणि समान मजुरी मागणे हाच उपाय होता. आजही दुसरा उपाय नाही.

म्हणून माझी सूचना साधी आहे. आपल्या प्रत्येक शाखेने आपल्या भागातील एक मजूर नाका वाटून घ्यावा. आठवड्यातून एक संध्याकाळ तिथे बसावे. आजोबा पत्रे लिहीत. आज शिधापत्रिकेचे, बांधकाम कामगार मंडळाच्या नोंदणीचे आणि थकलेल्या मजुरीच्या तक्रारीचे अर्ज लिहून देणारी माणसे हवी आहेत. हे काम करताना गाव, जात, भाषा विचारू नये. नाक्यावर येणाऱ्या बायांची नावे पुरुषांच्या नावाखाली न घालता स्वतंत्र लिहावीत. आणि ज्यांचे अर्ज मार्गी लागतील त्यांना पैसे मागू नयेत. पुढच्या आठवड्यात आपल्यासोबत नाक्यावर बसण्यास सांगावे. नोंदणीसाठी आलेला माणूस सभासद होतो आणि सभासद झालेला माणूस मागणी करू लागतो, हा आपला अनुभव आहे.

आपल्या आजे-पणजांना या शहराने कोठेतरी, कोणाच्या तरी वळकटीशेजारी जागा दिली, म्हणून आपण आज येथे आहोत. ते देणे ज्यांचे त्यांना परत करण्याची सोय आता उरलेली नाही. पुढच्या माणसाला देऊनच ते फिटू शकते. येत्या महिन्याच्या बैठकीत प्रत्येक शाखेने आपला नाका कोणता ते कळवावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.