पाणी पिऊनही बाबांची किडनी का रुसली?

मी नवेगाव बांधचा. इंजिनिअर आहे, डॉक्टर नाही. पण मागच्या मे महिन्यात घरी जे झालं, त्यामुळे किडनीचा अभ्यास करावा लागला. आज तेच सांगतो.

उन्हाळी धानाची कापणी सुरू होती. बाबा दिवसभर उन्हात. रात्री पोटऱ्यांत गोळे आले, अंग ठणकलं. डॉक्टरांना न विचारता डायक्लोफिनॅक घेतली, सकाळी अजून एक. दुसऱ्या दिवशी लघवी थोडीशीच, गडद पिवळी. क्रिएटिनिन 2.4! डॉक्टरांनी गोळी बंद केली, सलाईन लावलं. बाबांचं एकच म्हणणं, “पाणी तं पेतच होतो ना बाबू!”

खरं होतं ते. पण पाणी जातं कुठे, ते बघा.

60 किलोच्या माणसात साधारण 36 लिटर पाणी असतं. त्यातलं 24 लिटर पेशींच्या आत, 12 बाहेर. आणि रक्तात? जेमतेम 3 लिटर. आपल्या तलावाचं पाणी पाटानं बांध्यांत जातं ना, तसंच. बहुतेक पाणी बांध्यांत, पाटात थोडंच. पण किडनी चालते ती पाटावरच.

पेशींबाहेरचं पाणी मीठ धरून ठेवतं. घामात पाणी जातं, मीठही जातं. वरून नुसतं पाणी प्यायलं, की त्यातलं दोन तृतीयांश पेशींत शिरतं. पाट कोरडाच.

आता किडनी. ती दिवसाला सुमारे 180 लिटर गाळते, म्हणजे तेच 3 लिटर 60 वेळा! कचरा शोधत बसत नाही. लहान कण असलेलं सगळं आधी बाहेर काढते, मग कामाचं परत घेते. 99 टक्के परत. उरते दीड लिटर लघवी. म्हणून अनोळखी कचराही निघून जातो. कोड लिहिणाऱ्यांनी शिकावं असं डिझाइन आहे.

पण गाळायला रक्ताचा दाब हवा. पाणी कमी पडलं की किडनी स्वतःकडे येणारी रक्तवाहिनी काही रसायनं वापरून उघडी ठेवते. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन नेमकी तीच रसायनं अडवतात. बाबांचं तिथेच बिघडलं.

आठवड्यात ते बरे झाले. आता शेतात ओआरएस सोबत असतं. अख्खं पाकीट एक लिटर पाण्यात, अर्धं नाही. त्यातली साखर आतड्यात मिठाला आत घेते, मागोमाग पाणी येतं. बीपी, हृदय किंवा किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि लघवी फार कमी झाली तर गोळी नाही, थेट दवाखाना.

उन्हात राबणारं घरात कोणी असेल, तर हा एपिसोड आजच ऐकवा. भेटू पुढच्या वेळी!