जीवाणूचा पीळ आणि आपली गोळी



वसंतातल्या व्याख्यानमालेत जीवाणूंच्या पोटातल्या एका यंत्राला अख्खी संध्याकाळ मिळते, याबद्दल मी आयोजकांचा मनापासून ऋणी आहे. विषय परका मात्र नाही. घरातला औषधांचा डबा उघडा. सिप्रोफ्लॉक्सॅसिन, ओफ्लॉक्सॅसिन, नॉरफ्लॉक्सॅसिन, लिव्होफ्लॉक्सॅसिन यांपैकी एखादी अर्धवट वापरलेली पट्टी बहुतेक डब्यांत निघेल. जुलाब झाले, लघवीला जळजळ झाली, ताप उतरेना, की या गोळ्या येतात. या सगळ्यांचे लक्ष्य एकच आहे: जीवाणूच्या डीएनएचा पीळ सोडवणारी विकरे, म्हणजे टोपोआयसोमरेझ नावाची एन्झाइम्स. ती कशी चालतात हे एकदा नीट समजले, तर गोळी कधी घ्यावी आणि कधी घेऊ नये हे वेगळे सांगावे लागणार नाही, असे मला वाटते. म्हणून आज थोडे खोलात जाऊ.

आपल्या आतड्यात राहणारा ई. कोलाय हा जीवाणू जेमतेम दोन मायक्रॉन लांबीचा. त्याचा डीएनए म्हणजे एकच बंद वर्तुळ. त्यात बेसच्या, म्हणजे डीएनएच्या अक्षरांच्या, सुमारे 46 लाख जोड्या असतात. हे वर्तुळ उलगडून सरळ केले तर दीड मिलिमीटरहून लांब भरते. म्हणजे जीवाणू स्वतःच्या लांबीच्या कित्येक शेपट धागा पोटात वागवतो. या धाग्याचे दोन पदर साधारण दर साडेदहा जोड्यांमागे एकमेकांभोवती एक वेढा घेतात. हिशेब करा, चार लाखांहून जास्त वेढे होतात. एका जीवाणूचे दोन व्हायचे तर डीएनएची नक्कल व्हायला हवी, आणि नक्कल व्हायची तर दोन्ही पदर शेवटच्या वेढ्यापर्यंत सुटे व्हायला हवेत. हे सारे काम सुमारे 40 मिनिटांत उरकते. एका ठरावीक जागेपासून नक्कल करणारी दोन यंत्रे विरुद्ध दिशांना निघतात. प्रत्येक यंत्र सेकंदाला जवळपास हजार जोड्या मागे टाकते, म्हणजे सेकंदाला नव्वदेक वेढे उलगडते.

उलगडलेला वेढा नाहीसा होत नाही. तो पुढे ढकलला जातो आणि पुढचा धागा अधिकाधिक पिळला जातो. शिगम्यातला गोफ तुम्ही पाहिला आहे. वर बांधलेल्या रंगीत पट्ट्या, त्यांची खालची टोके नाचणाऱ्यांच्या हातात, आणि ताल चुकू न देता विणला जाणारा गोफ. तो सोडवायचा तर तीच पावले उलटी टाकायची. हे जमते, कारण खालची टोके मोकळी असतात. ती टोकेही खुंटाला घट्ट बांधली असती, तर कितीही कसलेला मेळ असला तरी गोफ सुटला नसता. जीवाणूच्या वर्तुळाला टोकच नाही. तिथे एकच मार्ग उरतो: पट्टी कापायची, दुसरी पट्टी त्या फटीतून पलीकडे न्यायची आणि कापलेली पट्टी पुन्हा जशीच्या तशी सांधायची.

1953 मध्ये वॉटसन आणि क्रिक यांनी दुहेरी पिळाची रचना मांडली, तेव्हा हा पीळ सुटणार कसा ही शंका लगेच निघाली. 1954 मध्ये माक्स डेलब्रुक यांनी तर धागा तुटून पुन्हा जुळत असला पाहिजे, असा तर्कही मांडला. पुरावा मिळायला सतरा वर्षे गेली. 1971 मध्ये जेम्स वांग यांनी ई. कोलायमधून पीळ सैल करणारे पहिले विकर वेगळे केले, तेच आजचे टोपोआयसोमरेझ एक. 1976 मध्ये अमेरिकेत मार्टिन गेलर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना डीएनए गायरेझ सापडले, आणि आपल्या औषधांच्या डब्याशी या विज्ञानाचा संबंध जुळला.

गायरेझ काम कसे करते, ते जवळून पाहू. चार प्रथिने मिळून हे विकर बनते, दोन ए प्रकारची आणि दोन बी प्रकारची. प्रत्येक ए प्रथिनात 122 व्या जागी टायरोसिन नावाचे अमिनो आम्ल असते. ही दोन टायरोसिने डीएनएचे दोन पदर एकमेकांपासून चार अक्षरांच्या अंतरावर कापतात. पण कापलेले टोक ती सोडत नाहीत. स्वतःशी रासायनिक बंधाने जखडून ठेवतात. मग फट उघडते, त्याच वर्तुळाचा दुसरा भाग तिच्यातून पलीकडे जातो, फट मिटते, टोके पुन्हा जुळतात. एका फेरीत दोन वेढ्यांचा हिशेब मिटतो. यासाठी लागणारी ऊर्जा एटीपीतून येते. पेशीतल्या सर्वांत मौल्यवान रेणूचे दोन्ही पदर दर सेकंदाला कित्येकदा तोडायचे आणि एकदाही अर्धवट सोडायचे नाहीत! निसर्गात याहून धाडसाचे काम मला तरी ठाऊक नाही.

शिवाय गायरेझ नुसता पीळ सोडवत नाही, उलट दिशेचा पीळ आधीच भरून ठेवते, म्हणजे पुढचे पदर सहज सुटे होतात. हा उलटा पीळ प्रमाणाबाहेर गेला तर टोपोआयसोमरेझ एक फक्त एकच पदर कापून तो सैल करते. नक्कल पूर्ण झाल्यावर दोन नवी वर्तुळे एकमेकांत अडकलेली राहतात, ती सोडवणे हे प्रामुख्याने टोपोआयसोमरेझ चारचे काम. क्षयाच्या जीवाणूकडे मात्र हे चौथे नाहीच. जवळपास 44 लाख जोड्यांचा त्याचा डीएनए, त्यातला पुढचा पीळही गायरेझनेच सोडवायचा आणि शेवटची गुंतवळही. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत व्ही. नागराज आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी क्षयाच्या कुळातल्या जीवाणूंच्या या विकरांवर कित्येक वर्षे काम केले आहे.

आता गोळीकडे येतो. 1962 मध्ये जॉर्ज लेशर आणि सहकाऱ्यांनी नॅलिडिक्सिक आम्ल पुढे आणले. मलेरियावरचे क्लोरोक्विन बनवताना निघालेल्या एका उपपदार्थातून हा शोध लागला. ते जीवाणू मारते एवढे कळले, पण कसे मारते हे कळायला गायरेझच सापडावे लागले. सिप्रोफ्लॉक्सॅसिन वगैरे त्याचेच पुढचे वारस. ही औषधे गायरेझचे काम बंद पाडतात, असे म्हणणे अपुरे आहे. धागा कापला गेला आहे आणि अजून सांधलेला नाही, नेमक्या त्या क्षणी औषधाचा रेणू फटीत जाऊन बसतो. टोके जुळत नाहीत. मागून नक्कल करणारे यंत्र येऊन आदळते आणि डीएनएचे तुकडे पडतात. जीवाणूला तारणारे विकरच त्याचा घात करते. आपल्या पेशींतही याच कुळातली विकरे आहेत, पण त्यांची घडण वेगळी असल्याने नेहमीच्या मात्रेत औषध त्यांना फारसे धरत नाही.

औषधाचा रेणू फटीत टिकतो तो मॅग्नेशियमच्या एका आयनाच्या आधाराने. गायरेझच्या 83 व्या जागेचे सेरीन आणि 87 व्या जागेचे अ‍ॅस्पार्टिक आम्ल हा आयन पाण्याच्या रेणूंमार्फत धरून ठेवतात. धातूंशी असलेली ही जवळीक पोटात नडते. सिप्रोफ्लॉक्सॅसिन दुधाबरोबर, अँटासिडबरोबर किंवा लोहाच्या गोळीबरोबर घेतले तर ते तिथेच त्या धातूंना चिकटते आणि रक्तात पुरेसे पोचत नाही. अँटासिड किंवा लोह घ्यायचेच असेल तर ही गोळी त्याच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्यावी.

आणि 83 व्या जागेचे ते सेरीन बदलले तर? औषधाची पकड सुटते. विषमज्वराच्या, म्हणजे टायफॉइडच्या जीवाणूने नेमके हेच केले. क्लोरॅम्फेनिकॉल निकामी होऊ लागल्यावर 1990 च्या दशकात आपल्या देशात सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे टायफॉइडचे हुकमी औषध बनले. काही वर्षांतच रुग्णांचा ताप लांबू लागला. प्रयोगशाळेत जीवाणू पसरलेल्या बशीवर औषधाची सहा मिलिमीटरची कागदी चकती ठेवतात आणि रात्रभरानंतर तिच्याभोवतीचे जीवाणूरहित वर्तुळ मोजतात. सिप्रोफ्लॉक्सॅसिनभोवती वर्तुळ दिसायचे, अहवालावर ‘औषध लागू’ असे लिहिले जायचे आणि रुग्ण तापातच राहायचा. नॅलिडिक्सिक आम्लाच्या चकतीभोवती मात्र जीवाणू थेट कडेपर्यंत वाढलेले असायचे. गायरेझ बदलल्याची ती खूण होती. शेवटी 2012 मध्ये अमेरिकेतल्या मानक संस्थेने या जीवाणूंसाठी सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या वर्तुळाची अट 21 वरून 31 मिलिमीटरवर नेली. एका अमिनो आम्लाच्या बदलाने एका औषधाची सद्दी संपवली.

डिचोलीकरांना क्षयाबद्दल मुद्दाम सांगायचे आहे. डिचोली हा खाणपट्टा आहे. सिलिकाची धूळ फुप्फुसात साठलेल्या माणसाला क्षयाचा धोका जास्त असतो, हे पक्के सिद्ध आहे. अशा माणसाला महिनाभर खोकला आहे आणि त्याला छातीच्या संसर्गावर म्हणून लिव्होफ्लॉक्सॅसिन दिले, तर क्षयाचे जीवाणू काही दिवस दबतात. बरे वाटते, थुंकीची तपासणी लांबते आणि गायरेझ बदललेले थोडेसे जीवाणू मागे उरून वाढतात. मला याचा अतिशय त्रास होतो, कारण औषधाला न जुमानणाऱ्या क्षयावर सप्टेंबर 2024 मध्ये केंद्र सरकारने मंजूर केलेल्या सहा महिन्यांच्या उपचारातले एक औषध मॉक्सिफ्लॉक्सॅसिन आहे, आणि तेही गायरेझवरच चालते. आधीचे उपचार वीस महिन्यांपर्यंत चालत. साध्या खोकल्यापायी आपण हे मॉक्सिफ्लॉक्सॅसिन हातचे घालवतो. लिव्होफ्लॉक्सॅसिन आणि मॉक्सिफ्लॉक्सॅसिन 2014 पासून शेड्यूल एच-1 मध्ये आहेत. प्रत्येक विक्रीची वेगळी नोंद ठेवणे औषधविक्रेत्यावर बंधनकारक आहे. ही अडवणूक समजू नका.

नवी औषधे येत नाहीत असे नाही. औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या वोक्हार्टच्या संशोधनातून आलेल्या लिव्होनॅडिफ्लॉक्सॅसिनला 2020 मध्ये भारतात मान्यता मिळाली. मेथिसिलिन या प्रतिजैविकाला न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकॉकस जीवाणूवर ते चालते आणि त्याचा मुख्य मारा गायरेझवर आहे. मराठी मुलखातल्या प्रयोगशाळेचे हे काम अभिमानाचे आहे. पण असे औषध उभे करायला वर्षानुवर्षे लागतात, आणि अब्जावधी जीवाणूंतल्या एखाद्याचे 83 व्या जागेचे अमिनो आम्ल बदलायला एक रात्र पुरते. त्यापेक्षा आजारच टाळलेला बरा. नवी मुंबई महापालिकेने 2018 मध्ये मुलांना टायफॉइडची नवी संयुग्म लस सार्वजनिक मोहिमेत दिली. असे काम आपल्याकडेही व्हावे, ही मागणी आपण आपल्या आमदारांकडे करू शकतो.

पावसाळा तोंडावर आहे. विहिरी गढूळ होतील, ताप सुरू होतील. चार दिवस ताप उतरला नाही तर घरातल्या डब्यातली उरलेली पट्टी काढू नका. डॉक्टरांकडे जा आणि रक्ताचे कल्चर, म्हणजे रक्तातले जीवाणू वाढवून पाहण्याची तपासणी, करायचे का, असे स्वतःहून विचारा. टायफॉइडचा जीवाणू पहिल्या आठवड्यात रक्तात सापडण्याची शक्यता सर्वाधिक असते, आणि प्रतिजैविकाच्या दोन गोळ्या पोटात गेल्या की ती झपाट्याने घटते. टायफॉइडसाठी केल्या जाणाऱ्या विडाल या रक्तचाचणीच्या एका आकड्यावर समाधान मानू नका. डॉक्टरांनी कल्चर करायला सांगितले तर आधी रक्त द्या, मगच पहिली गोळी घ्या.