बंदराचे आवार आणि खाडीचा हिशेब

(नागपूर येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यान)

नागपूरपासून समुद्र दूर असला तरी बंदराचा प्रश्न नागपूरकरांना परका नाही. विदर्भाचा पुष्कळसा माल न्हावाशेवामार्गे परदेशी जातो आणि २०२५ साली पूर्ण झालेल्या ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाने हे नाते अधिकच घट्ट केले आहे.

बंदराचे प्रदूषण म्हटले की डोळ्यांपुढे येते ते सांडलेले तेल. ते दिसते, त्याची बातमी होते. धातूंचे विष दिसत नाही. बंदराच्या डांबरी वा काँक्रीटच्या आवारात ट्रेलर आणि अवजड यंत्रे अहोरात्र फिरतात. टायरच्या रबरात जस्ताचे संयुग असते. टायर झिजतो तसे ते जमिनीवर उतरते. अनेक ब्रेकच्या अस्तरांतून तांबे झडते. गुदामांच्या जस्ती पत्र्यांवरून पाणी जस्त घेऊनच ओघळते. उघडी माती यातील बराच भाग धरून ठेवते. फरसबंदी काहीच धरीत नाही. कोरड्या महिन्यांत साचलेली धूळ मृगाच्या पहिल्या सरींबरोबर गटारात आणि तेथून खाडीत जाते. विरघळलेले तांबे व जस्त अल्प मात्रेतही माशांच्या कल्ल्यांना अपाय करतात. धातू कुजत नाही. तो गाळात साचत राहतो.

पिगू यांनी १९२० साली आणि कॅप यांनी १९५० साली या व्यवहाराचे अर्थशास्त्र मांडले. धंद्याच्या वहीत न चढणारा खर्च नाहीसा होत नाही; तो दुसऱ्याच्या माथी बसतो. येथे तो कोळ्यांच्या माथी बसतो. १९८९ साली सुरू झालेल्या न्हावाशेवा बंदरासाठी शेवा कोळीवाडा उठविला गेला. ज्यांची घरे गेली त्यांच्याजवळ उरलेले भांडवल म्हणजे खाडी. तिचा घसारा कोणत्याही ताळेबंदात दाखविला जात नाही.

बंदरे नकोत, असा याचा अर्थ नव्हे. गोदी कामगाराची भाकरी आणि कोळ्याची भाकरी यांत भांडण लावणे मालकवर्गाच्या सोयीचे असते. श्रमिकांच्या चळवळीने त्यास बळी पडू नये. उपाय महागडे नाहीत. पावसाळ्यापूर्वी आवार झाडून काढणे, पत्र्यांना रंग देणे, पहिल्या सरींचे पाणी तळ्यात अडवून गाळणे, एवढ्यानेही मोठा फरक पडतो. अमेरिकेने १९८७ साली उद्योगांच्या आवारांतून वाहणारे पावसाचे पाणी परवान्याच्या कक्षेत आणले. वॉशिंग्टन राज्याने २०१० साली ब्रेकमधील तांबे टप्प्याटप्प्याने घटविण्याचा कायदा केला. भारतात १९७४ साली जलप्रदूषणाचा कायदा झाला, परंतु त्याच्या अंमलबजावणीची नजर प्रामुख्याने सांडपाण्याच्या नळावरच राहिली.

डहाणूजवळच्या वाढवण बंदरास केंद्राने २०२४ साली मंजुरी दिली. अंदाजित खर्च ७६,२२० कोटी रुपये. समुद्रात भर घालून १,४४८ हेक्टर जमीन तयार व्हावयाची आहे. त्यावर फरसबंदी होण्यापूर्वीच पाणी कोठे जाणार, हे विचारले पाहिजे. बंदराच्या प्रत्येक नाल्यातील तांबे, जस्त व शिसे यांची दर पावसाळ्यात मोजणी व्हावी आणि आकडे कोळीवाड्याच्या फलकावर मराठीत लागावेत. पर्यावरण संशोधनाची राष्ट्रीय संस्था, नीरी, नागपुरातच आहे. म्हणून या मागणीचा पाठपुरावा करण्याची पहिली जबाबदारी याच शहरातील कार्यकर्त्यांवर येते.