तद्विद्यसंभाषा आणि भ्रमणध्वनी

(सोलापूर येथे वैद्यकीय विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



मी वैद्य नाही. व्यवसायाने पत्रकार आहे. रोगनिदानावर बोलण्याचा मला अधिकार नाही. परंतु गोष्ट बाहेर कशी फुटते, हे मला ठाऊक आहे आणि आजचा विषय त्यापासून फार दूर नाही.

१९६३ साली या नगरात वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा दुर्मीळ व्याधी पाहायची तर रुग्णाच्या खाटेपाशीच उभे राहावे लागे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि वर्ग भ्रमणध्वनीवर गेले. संकट सरले, व्हॉट्सअ‍ॅपचे समूह मात्र राहिले. तालुक्याच्या गावी एकट्या पडलेल्या तरुण डॉक्टरास मध्यरात्री ज्येष्ठांचे मार्गदर्शन मिळते, हे बळ थोडे नाही.

मुळात ही कल्पना परकी नव्हेच. चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात तद्विद्यसंभाषा वर्णिली आहे. वैद्याने वैद्याशी चर्चा करावी. त्याने ज्ञान वाढते, संशय फिटतो. स्नेहभावाने होते ती संधायसंभाषा, प्रतिपक्षास जिंकण्यासाठी होते ती विगृह्यसंभाषा. आपल्या समूहांवर दुसरीच अधिक चालते की काय, हे तुम्हीच सांगावे!

त्याच अध्यायात शिष्याला आणखी एक आज्ञा आहे: रुग्णाच्या घरातील गोष्ट बाहेर सांगू नये. क्ष-किरण चित्राच्या कोपऱ्यात रुग्णाचे नाव, वय छापलेले असते. ते झाकल्यावाचून समूहावर टाकले, तर १०२४ जणांपर्यंत पोहोचू शकते. एका समूहाची मर्यादाच तेवढी आहे. संदेश वाटेत कोणी वाचू शकत नाही, हे खरे. पण तो पुढे ढकलणारे बोट कोण अडवणार? ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नवी आचारनियमावली काढली, तीत समाजमाध्यमांचेही नियम होते. त्याच महिन्यात ती स्थगित झाली.

संमतिपत्रावर अंगठा घेतला म्हणजे संमती मिळाली, असे नव्हे. याच सोलापुरात जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला गेले. त्यांचे राजकीय विचार आपणांस पटोत वा न पटोत. ते तेथील भाषा शिकले आणि त्या भाषेतूनच बोलू लागले. आपल्याला तर इतके दूर जावयाचे नाही. पूर्वभागातील विडी वळणाऱ्या मावशीला तेलुगूत, अक्कलकोटच्या आजोबांना कन्नडमध्ये विचारा: ‘हे चित्र इतर डॉक्टरांना शिकण्यासाठी दाखवू का?’ ती ‘नको’ म्हणाली, तर फोन खिशात ठेवा.