विद्यार्थी खेळाडूचें ताट

पहांटे मैदानावर जाणारा विद्यार्थी बहुधा रिकाम्या पोटीं, फार तर पेलाभर चहा घेऊन बाहेर पडतो. दोन तास धांवून परत येतो तों पहिल्या तासाची घंटा झालेली असते. दुपारीं खाणावळींत उरलेसुरलें घाईनें गिळावयाचें, सायंकाळीं पुन्हां मैदान, आणि रात्रीं मात्र आकंठ जेवून झोंप! त्याच्या धांवण्याचा वेळ घड्याळ लावून मोजला जातो. तो काय खातो व केव्हां खातो, हें मात्र कोणी विचारीत नाहीं. विद्येच्या माहेरघरींच हें अज्ञान नांदावें, ही विसंगति निरुपद्रवी नाहीं.

ती किती घातक ठरते, हें अमेरिकेंतील विद्यापीठांनीं १९९७ सालीं पाहिलें. त्या वर्षाच्या नोव्हेंबर-डिसेंबरांत, सुमारें महिन्याभराच्या अवधींत, तीन विद्यापीठांतील तीन मल्ल मरण पावले. त्यांचीं वयें अवघीं १९, २१ व २२. आखाड्यांत लढतांना ते गेले नाहींत. वजनकांटा खालीं आणण्याच्या खटपटींत गेले. खालच्या वजनाच्या गटांत शिरावें म्हणजे प्रतिस्पर्धी हलका मिळेल, हा त्यांतला हिशेब. वजन आणि सामना यांमध्यें तेव्हां पुष्कळ तासांचें अंतर असे. म्हणून आधीं अंगांतील पाणी काढावयाचें व मग तें पिऊन भरून घ्यावयाचें, अशी रीत पडली होती. तिघांनींहि अन्नपाणी तोडलें होतें, वाफ बाहेर न जाऊं देणारे पोशाख घातले होते आणि उष्ण जागीं कठोर व्यायाम चालविला होता. घाम वाळतो तेव्हां शरीर थंड होतें; परंतु अशा पोशाखांत घाम वाळतच नाहीं. पाणी जातें, उष्णता मात्र आंतच कोंडते. रक्त आटतें आणि हृदयावरचा भार वाढत जातो.

त्यानंतर नियम बदलले. असे पोशाख आणि वाफेच्या खोल्या वर्ज्य ठरल्या; वजन सामन्यापूर्वीं एक-दोन तासच घेण्याचें ठरलें; आणि अंगांत पुरेसें पाणी असतांना चरबीचें प्रमाण मोजून प्रत्येक मल्लाच्या वजनाची खालची मर्यादा हंगामाच्या आरंभींच निश्चित होऊं लागली. यांतील बोध स्पष्ट आहे. तीं मुलें अडाणी नव्हतीं. पण उपाशी राहण्यांत लाभ आहे असें स्पर्धेची रचनाच सांगत असतां नुसता उपदेश काय करणार?

अन्न हें खेळाचें इंधन आहे, हें कांहीं केवळ बोलण्यापुरतें खरें नव्हे. १९६७ सालीं स्वीडनमधील संशोधकांनीं कांहीं जणांस निरनिराळा आहार देऊन सायकलीसारख्या यंत्रावर थकेपर्यंत श्रम करावयास लाविलें. मिश्र आहारावर ते सरासरी ११४ मिनिटें टिकले. पिष्टमय पदार्थ जवळजवळ वगळले तेव्हां ५७ मिनिटें. आणि तेच पदार्थ भरपूर दिले तेव्हां १६७ मिनिटें. कारण उघड आहे. भात, भाकरी, बटाटा यांपासून झालेली शर्करा स्नायूंत सांठते, आणि ती सरली कीं पाय जड होतात. प्रथिनांविषयीं आजचें मत असें कीं, खेळाडूस वजनाच्या दर किलोमागें रोज १.२ ते २ ग्रॅम पुरावींत. म्हणजे साठ किलोच्या तरुणास ७२ ते १२० ग्रॅम. वरण, उसळ, दूध, दहीं, अंडीं यांची नीट वांटणी दिवसभर केली तर एवढें घरच्या ताटांतूनहि मिळतें. त्यासाठीं महागड्या डब्यांतील पूड अपरिहार्य नाहीं.

मुलींच्या बाबतींत दक्षता अधिक हवी. श्रम वाढले आणि अन्न तेवढेंच राहिलें, किंवा सडपातळपणाच्या हव्यासानें घटलें, तर मासिक पाळी बंद पडते व हाडें ठिसूळ होतात. पाळी थांबणें हें कसून मेहनत केल्याचें भूषण नव्हे, तो इशारा आहे. मुलांनाहि ही ऊर्जेची तूट सोडीत नाहीं, हें आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनें २०१४ सालीं स्पष्टपणें मांडलें.

परंतु ज्ञान असून स्वयंपाकघर बंद असेल तर? त्याच २०१४ सालीं अमेरिकेंतील एका विजेत्या संघाच्या नामांकित विद्यार्थी खेळाडूनें उघड सांगितलें कीं, कित्येक रात्रीं तो उपाशी झोंपतो. त्याच सुमारास तेथील विद्यापीठांच्या क्रीडासंघटनेनें वरच्या श्रेणींतील खेळाडूंच्या जेवणावरील मर्यादा उठविली.

महाराष्ट्रांतील तालमींत हें दुखणें जुन्या काळीं एवढें नव्हतें. कोल्हापुरांतील मल्लाचा खुराक, म्हणजे दूध, तूप, बदाम, थंडाई, वस्तादाच्या नजरेखालीं ठरे. मेहनत आणि खुराक हीं तेथें एकाच विद्येचीं दोन अंगें होतीं. त्यांतील तुपाचें प्रमाण आज कोणी कमी-अधिक करील. पण ती नजर मोलाची होती. महाविद्यालयांत मैदान एकाकडे, खाणावळ दुसर्‍याकडे आणि शरीरशास्त्र तिसर्‍याच वर्गांत, अशी फाटाफूट झाली आहे.

ती सांधण्यास फार द्रव्य लागत नाहीं. पहांटे निघतांना केळें किंवा दूध-पोहे, सरावानंतर लगेच खाण्याची सोय, उशिरां येणार्‍यासाठीं झांकून ठेवलेलें ताट, आणि वजन उतरविण्याच्या वेड्या उपायांना ठाम नकार, एवढें घरानें व वसतिगृहानें केलें तरी पुष्कळ झालें. पदक लाभेल न लाभेल; पोर मैदानावरून धडधाकट घरीं येणें हें आईबापांना त्याहून मोठें आहे.