सुट्टीत बरा होणारा हात
(बदलापूर गाव येथे कामगारांच्या बैठकीत केलेलं भाषण)



आपली माणसं एमआयडीसीत जातात, अंबरनाथ-उल्हासनगरच्या कारखान्यांत जातात, इथल्या इमारतींवर गवंडी-बिगारी म्हणून राबतात. प्लेटिंगच्या टाकीत निकेल, क्रोम असतं हे तिथल्या कामगाराला ठाऊक असतं. सिमेंटमध्येही क्रोम असतं, हे गवंड्याला कोणी सांगत नाही.

बोटांच्या बेचक्यांत खाज येते, कातडी जाड होते, भेगा पडतात. मेडिकलवाला स्टिरॉइडची ट्यूब देतो, चार दिवस बरं वाटतं. घरात मात्र खरूज समजून त्याचा टॉवेल आणि वजूचा लोटा वेगळा होतो. धातूची ॲलर्जी एकाची दुसऱ्याला लागत नाही. एवढं तरी आज घरी जाऊन सांगा.

ओळखायची खूण सोपी आहे. गावी गेल्यावर हात सुधारतो, कामावर परतल्यावर पुन्हा चिघळतो. खात्री पॅच टेस्टने होते. पाठीवर पट्ट्या लावून 48 तास ठेवतात, त्या भिजवायच्या नाहीत, घाम येईल असं काम करायचं नाही. रोजंदारीवाल्याची दोन दिवसांची मजुरी बुडते, म्हणून तो टाळतो. मला ते समजतं. पण एकदा जडलेली ही ॲलर्जी बहुधा जन्मभर राहते. मग थोडंसं क्रोमही पुरतं. कातडी हातमोजेसुद्धा बाधतात, कारण चामडं बहुतेक क्रोमनेच कमावतात! सुती मोजे ओले झाले तर सिमेंट हाताला धरून ठेवतात. आतून कोरडे, न गळणारे रबरी मोजे हवेत, आणि ते मालकाने द्यायला हवेत.

हे अशक्य नाही. डेन्मार्कने 1983 पासून सिमेंटमध्ये फेरस सल्फेट मिसळायला लावलं, तेव्हा हे घातक क्रोम कमी झालं.

आता कागदाचं. 2025 पर्यंत लागू असलेल्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत क्रोमचे व्रण होते, रसायनं आणि रंगांमुळे होणारा त्वचादाहही होता. असा रुग्ण आढळला तर डॉक्टरने मुख्य कारखाना निरीक्षकाला कळवायचं, असं त्याच कायद्याचं कलम 89 सांगत होतं. पण तुम्ही नुसतं ‘खाज येते’ म्हणालात तर डॉक्टर कळवणार काय? कोणत्या खात्यात, कशात हात घालता, किती वर्षं, ते सांगा आणि केसपेपरवर लिहून घ्या. ईएसआयचं कार्ड असेल तर तिथेच दाखवा. गवंडीकाम करणाऱ्यांनी बांधकाम कामगार मंडळात नोंदणी करा. वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. मुकादम टाळाटाळ करत असेल तर चार-पाच जण मिळून मागा.

ज्यांचे हात आत्ता चिघळलेले आहेत, त्यांनी बैठक संपल्यावर थांबा. ट्यूब सोबत असेल तर तीही दाखवा.